टाकीत पाणी कुठं मुरतं?

घरात खाऱ्या पाण्याची छोटी रीफ टाकी ठेवणाऱ्या माणसाला मासे किती आहेत, हे विचारू नये. 'दोन' एवढं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी फिल्टर कोणता, असं विचारावं; मग चहा दोनदा होतो. 40 लिटर पाणी, दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी आणि त्यांच्या दिमतीला काळ्या पडद्यामागे तीन कप्पे, पंप, स्पंज, चिनी मातीच्या कड्या, काटेरी प्लॅस्टिकचे बायोबॉल! हा सरंजाम कंपनीने दिला तसाच ठेवणं या छंदात कमीपणाचं समजतात. त्यामुळे माशांची नावं ठरायच्या आधी मागच्या कप्प्यात सुधारणा सुरू होतात. फेरफाराला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक फेरफाराला एक उर्मट प्रश्न विचारावा: तुझ्यामुळे टाकीबाहेर नेमकं काय जातं? उत्तर 'काही नाही' असेल, तर ती वस्तू फिल्टर नव्हे, शोभा आहे. तीही पडद्यामागची.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते चिमूटभर खाद्याच्या हिशेबावरून कळतं. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण 45 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे 1 ग्रॅम खाद्याबरोबर 72 मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरला. मासा तो खातो, अमोनियाच्या रूपाने परत करतो. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. सगळा नायट्रोजन या वाटेने गेला, तर सुमारे 320 मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. 40 लिटरमध्ये वाटलं, तर लिटरमागे 8 मिलिग्रॅम. (खडक आणि वाळू वजा केली तर टाकीत 40 लिटर पाणी मुळात नसतंच, पण ते मालकाला सांगू नये.) समुद्रात निरोगी प्रवाळाभोवतीच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम नायट्रेटही सापडत नाही. मासा थोडा नायट्रोजन अंगी लावतो हे मान्य, पण पूर्ण वाढलेले दोन मासे असे किती लावणार? उरलेला कुठेतरी जायलाच हवा, आणि बंद काचेच्या पेटीत 'कुठेतरी' नावाची जागा नसते.

आता ते बायोबॉल घ्या. 1986 च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे ठिबकणाऱ्या पाण्याचे फिल्टर घराघरांत पोचले. पाणी वरून ठिबकतं, भरपूर हवा मिळते, जिवाणू खूश होतात, अमोनिया झटक्यात नाहीसा होतो. पण तो होतो नायट्रेट, आणि नायट्रेट तिथंच राहतं. कचऱ्याच्या डब्याला सुबक झाकण बसवावं आणि डबा स्वयंपाकघरातच ठेवावा, तसला हा प्रकार. त्याच सुमारास बर्लिनची हौशी मंडळी ठिबकण्याच्या भानगडीत न पडता जिवंत, म्हणजे जिवाणूंनी वसलेला, खडक आणि प्रथिनं फेसातून काढणारा प्रोटीन स्किमर एवढ्यावर सुरेख प्रवाळ वाढवत होती. ती पद्धत पुढे सगळीकडे गेली आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी पैसे देऊन बसवलेले बायोबॉल मुठीमुठीने काढून टाकले. म्हणजे या छंदातली गेल्या चाळीस वर्षांतली एक मोठी सुधारणा वस्तू काढण्याची होती. हे दुकानदाराने सांगावं अशी अपेक्षा नाही.

यावर आक्षेप येतो, की जिवाणूच नकोत तर अमोनियाने मासे मरतील. बरोबर आहे, पण जिवाणू नकोत असं कोण म्हणतंय? त्यांना घर खडकाचं द्या. सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावर अमोनियाचं नायट्रेट होतं आणि आतल्या, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा भोकांत, दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. तो पाण्यातून हवेत निघून जातो. आमच्या प्रश्नाला खडकाने दिलेलं हे उत्तर चोख आहे. प्लॅस्टिकच्या चेंडूला असं पोट नसतं. फक्त चेंडू एका दमात काढू नयेत; आठवड्याला मूठभर काढावेत, म्हणजे खडकावरच्या जिवाणूंना वाढायला उसंत मिळते.

कंपनीच्या स्पंजचीही तीच कथा. पहिल्या कप्प्यात तो बसतो, उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा अडवतो, आणि पाणी स्वच्छ दिसू लागतं म्हणून महिनाभर कुणी त्याच्याकडे बघत नाही. अडवलेला ऐवज मात्र वाहत्या पाण्यातच कुजत असतो. स्पंज पिळला की जो करडा काढा निघतो, तोच इतके दिवस टाकीने प्यायलेला असतो. त्याऐवजी कप्प्यात छोटी जाळीदार टोपली बसवून वर पांढऱ्या पॉलिस्टर कापसाची चकती ठेवावी आणि दर दोन-तीन दिवसांनी ती सरळ केरात टाकावी. हा कापूस मत्स्यालयाच्या दुकानात 'फ्लॉस' म्हणून वेगळ्या भावाने मिळतो आणि उशा भरणाऱ्याकडे कापूस म्हणून. औषध न मारलेला असला की झालं. क्लाउनफिश बिल मागत नाहीत.

मग स्किमर? तो या कसोटीला उतरतो. प्रथिनांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे हे रेणू बुडबुड्याच्या कडेला चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जातात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राकाठी वाळूवर जो पिवळट फेस साठतो, त्यामागे बरीचशी हीच करामत असते. कपातलं हिरवट-तपकिरी, दुर्गंधी पाणी मालक पाहुण्यांना ज्या अभिमानाने दाखवतो, त्या अभिमानाने तो मुलांची प्रगतिपुस्तकंही दाखवत नसेल. पण 40 लिटरच्या टाकीत बसणारे स्किमर लहान आणि लहरी असतात. त्यापेक्षा मधल्या कप्प्यामागचा काळा रंग चौकोनभर खरवडून बाहेरून दिवा लावावा आणि आत किटोमॉर्फा नावाचं गुंतवळासारखं शेवाळ सोडावं, हे मला जास्त पटतं. ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं. वाढलं की अर्धं उपटून फेकायचं. दिवा रात्री लावला तर पाण्याचा पीएच रात्री कमी पडतो, तोही सावरतो.

काही जण म्हणतील, हे उद्योग हवेत कशाला, आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं की झालं. गणित करू. आठवड्याला ग्रॅमभर खाद्य पडत असेल, म्हणजे लिटरमागे 8 मिलिग्रॅमची भर, आणि बाहेर जायला दुसरी वाट नसेल, तर 10 टक्के बदलाने आकडा 80 वर जाऊन थांबतो. 20 टक्के बदललं तर 40 वर. त्यातच खाद्यही निम्मं केलं तर 20 वर! बादली दुप्पट करण्याने जेवढं साधलं, तेवढंच हात आखडण्याने साधलं, आणि त्यासाठी मीठ विकत घ्यावं लागत नाही. उलट टोकाचे लोकही असतात, जे सगळं बसवून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणतात. त्यांच्या टाकीत प्रवाळ फिकटतं, कारण त्याच्या पेशीत राहणाऱ्या शैवालाला खायला काही उरत नाही, आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची तपकिरी, बुडबुडेदार शेंबडी साय धरते. थोडं नायट्रेट हवंच. लिटरमागे 2 ते 10 मिलिग्रॅमवर बहुतेकांचं भागतं.

आपल्याकडे एक गोष्ट आणखी आहे. खडक बांधणारी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला आहेत. तेव्हा मालवणच्या सहलीत पिशवीत घातलेला 'एकच छोटा तुकडा' हा छंद नव्हे, गुन्हा आहे. इथल्या टाकीला सुका किंवा कृत्रिम सच्छिद्र खडक घ्यावा. जिवाणू त्यावरही येतात, फक्त सावकाश. आणि फिल्टरमध्ये काही नवीन बसवण्यापूर्वी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणून, खाद्याची रोजची चिमूट एकदा त्यावर टाकून बघा.