सा, रे, ग आणि वाढीव गुण

अकोल्याच्या जठारपेठेत गाण्याचा क्लास वाढवायचा तर गळा नंतर, आधी फ्लेक्स. त्यावर गिटार, कीबोर्ड, कराओके हे ठळक अक्षरांत. शास्त्रीय गायन खाली, जागा उरली तर. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं दरबारातून लोकांत आणायचं होतं. ते आलं. लोकांनी ते थेट गुणपत्रिकेत नेऊन ठेवलं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून क्लासच्या दारात एकच प्रश्न असतो:

"सर, पोराले मार्क भेटतीन ना?"

"आधी सूर लागू द्या."

"तो लागन सावकाश. फारम कवा भरता?"

शहाणे सर आता सातवी-आठवीचीच पोरं धरतात. दहावीनंतर हा गायक नीटच्या क्लासात जातो, आणि तिथली फी ऐकून बापाचाच षड्ज लागतो.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं जमवली. आजच्या क्लासांसारखा पहिला महिना फुकट नाही, भावंडांना सवलत नाही. पण प्रमाणपत्रही नाही. अमरावतीच्या राजापेठेत त्यांची बॅच काही भरली नसती.