लिमिटकाका

खरं नाव पगारपत्रकावर असेल. हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर पोरं त्यांना लिमिटकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे, समोर ‘सर’.

काका डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट सांभाळतात. अन्सिबल म्हणजे एका कमांडीत अनेक सर्व्हरवर काम करणारं साधन. त्याच्या प्लेबुकात, म्हणजे कामांच्या यादीत, कुणी ‘होस्ट्स: ऑल’ लिहिलेलं दिसलं की त्या पोराला जवळ बोलावतात, खुर्ची देतात आणि अतिशय प्रेमाने विचारतात, “ऑल म्हणजे कोण कोण रे? नावं सांग बघू.”

पोरगं तीन-चार नावं सांगून अडखळतं. मग काका त्याच्याच हाताने ‘लिस्ट-होस्ट्स’ टाईप करून घेतात. याने काम काही होत नाही, ते कुणाकुणावर होईल याची यादी तेवढी पडद्यावर येते. त्या यादीत हमखास एखादा अनोळखी पाहुणा निघतो. एकदा तर पगाराचाच सर्व्हर निघाला.

“पण सर, माझं काम फक्त वेब सर्व्हरवर होतं.”

“तुझं होतं. कमांडचं नव्हतं.”

काका स्वतः ‘लिमिट’ लावल्याशिवाय, म्हणजे कमांड नेमकी कुणावर चालेल ते बांधून घेतल्याशिवाय, एंटरला बोट लावत नाहीत. ‘वेब:!वेब३’, म्हणजे सगळे वेब, तीन नंबर सोडून. हे एकेरी अवतरणात आहे ना, ते दोनदा बघतात, कारण नाहीतर बॅश त्या उद्गारचिन्हाचा भलताच अर्थ लावतं. मग चष्मा कपाळावर सरकवून तिसऱ्यांदा बघतात.

त्यांचा खरा राग मात्र ‘रन वन्स’ वर निर्धास्त राहणाऱ्यांवर. डेटाबेसचं मायग्रेशन एकदाच व्हावं म्हणून पोरं ते लिहितात आणि चहाला जातात. सोबत ‘सिरियल: २’ असेल, तर सहा सर्व्हर दोन-दोनच्या तुकडीने सुटतात आणि ते ‘एकदाच’ दर तुकडीला एकदा होतं. म्हणजे तीनदा. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, पण कागदपत्रं वाचणारा मजल्यावर एकच माणूस आहे आणि तो चहा पीत नाही.

नवी भरती झाली की काका नाइट कॅपिटलची गोष्ट सांगतात, सत्यनारायणाच्या कथेसारखी, अध्यायवार. १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली शेअर दलालीची कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, गेला सातांवर. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि भसाभस ऑर्डरी सोडू लागला. इथे काका पाणी पितात. गोंधळलेल्या मंडळींनी उपाय काय केला? चांगल्या सातांवरचा नवा कोड काढून टाकला! मग तेही आठव्यासारखेच वागू लागले. सुमारे ४५ मिनिटं, ४६ कोटी डॉलरच्या वर तोटा. “प्रसाद आठव्याला पोचला नाही,” काका म्हणतात. त्यावर कुणी हसलं, तर त्याला पहिल्या महिन्यात प्रॉडक्शनचा पासवर्ड मिळत नाही.

काकांच्या लॅपटॉपवर ‘काउसे’ नावाचा गमतीचा प्रोग्रॅम आहे. तो असला की अन्सिबल प्रत्येक टास्कचं नाव अक्षरांनी काढलेल्या गाईच्या तोंडी घालतं. बाकीचे ती गाय पहिल्याच दिवशी बंद करतात. काकांनी ठेवलीय. गाय उमटेपर्यंत कंट्रोल-सी दाबायला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं. तेवढा वेळ मुळीच मिळत नाही, पण काकांना हे कोण सांगणार?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी नाही’ असं ते कधीच टाकत नाहीत. पाणी बी विंगला नाही, म्हणून बी विंगमधल्या एकेकाला वेगळा मेसेज. सी विंगने उगाच बादल्या का भरायच्या?

यंदा मुलाची मुंज काढली. आमंत्रण काकांनी आधी एकट्या थोरल्या मावशीला पाठवलं आणि दिवसभर थांबले. संध्याकाळी मावशीचा फोन: “अरे, तारीख चुकलीय, त्या दिवशी अमावस्या आहे.” काका खूश. पद्धत कामाला आली होती. तारीख दुरुस्त करून त्यांनी पुढच्या पाच नातेवाइकांना पाठवलं. तिथेही तक्रार नाही म्हटल्यावर पुढच्या पाचांना पाठवणार, तेवढ्यात नागपूरहून आत्याने विचारलं, अमावस्येला मुंज कशी काय रे लावतोस?

मावशीने पहिलं आमंत्रण, फोन करायच्या आधीच, ‘समस्त परिवार’ वर फॉरवर्ड केलं होतं.