आयुष्याची खातेवाटणी

पुण्याहून कुंभकोणास आलेल्या माझ्या भाचीने ओसरीवर टॅरोची पाच पाने मांडली आणि प्रकृती, पैसा, नाती, कामधंदा व मनःशांती अशी माझ्या आयुष्याची खातेवाटणी जाहीर केली. "मामा, तुम्ही आयुष्याकडे कधी विभागवार पाहिलंच नाही," हा तिचा अभिप्राय. पंधराव्या शतकातल्या इटलीत हे 78 पत्ते निव्वळ खेळण्यासाठी जन्मास आले आणि भविष्यकथनाची बढती त्यांना पुष्कळ पुढे मिळाली, हे मी तिला सांगितले. तिने ते ऐकून घेतले, एवढेच.

वस्तुतः कावेरीच्या ह्या मुलखात विभागवारीचे दप्तर कधीच तयार आहे. अंगारकाचे, म्हणजे मंगळाचे, क्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या वैदीश्वरन कोईलला गल्लोगल्ली ताडपत्रांवरून भविष्य सांगणाऱ्या नाडीवाचकांच्या पाट्या आहेत. पुरुषाने उजव्या आणि स्त्रीने डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा, की ताडपत्रांची जुडी हजर होते. तीत आयुष्याची कांडे, म्हणजे खातीच, पाडलेली. दुसऱ्या कांडात कुटुंब, विद्या व धन. चौथ्यात माता, घर आणि वाहन. सहाव्यात रोग, ऋण व शत्रू (हे तिघे एकाच खात्यात घालणारा ऋषी खचित संसारी असला पाहिजे). आणि बाराव्यात व्यय व मोक्ष, तेही ह्याच क्रमाने! प्रत्येक कांडाची दक्षिणा निराळी.

आमच्या शेजारचे एक निवृत्त अव्वल कारकून जमिनीच्या दाव्याचा निकाल विचारण्यास तेथे गेले. योग्य पत्र सापडावे म्हणून वाचक दोरीत ओवलेले एकेक पत्र उलटीत, जुन्या तमिळ पद्याचा चरण सुरावर म्हणत विचारू लागला: वडिलांच्या नावात 'र' आहे का? मातोश्री हयात आहेत का? कारकूनसाहेब सरकारी बाण्याने 'होय', 'नाही' अशी उत्तरे देत राहिले. पण "थोरले बंधू कुशल आहेत ना?" ह्या प्रश्नावर मात्र त्यांची जीभ अडली, कारण वाटणीपासून उभयतांत पत्रव्यवहारच नव्हता. पत्र सापडण्याआधीच ते उठले, आणि तिसरे कांड, जे भावंडांचे, ते विकत न घेताच त्यांनी थोरल्यांना कार्ड लिहिले.

ह्याच्या उलट आमच्याकडचा पोपट. 'किळी जोसियम', म्हणजे पोपटज्योतिष, त्यातला हा पक्षी पिंजऱ्यातून डुलत बाहेर येतो, चोचीने एक पान उपसतो, भाताचा दाणा घेतो आणि परत आत जातो. प्रश्न म्हणून तो एकही विचारत नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत कडलूरचे उमेदवार, चित्रपट दिग्दर्शक तंगर बच्चान ह्यांस अशाच एका पोपटाने विजयाचे पान काढून दिले. पोपट बाळगणे कायद्याने निषिद्ध असल्याने वनखात्याने ज्योतिष्यास ताब्यात घेतले व ताकीद देऊन सोडले. उमेदवार यथावकाश पडले.

तेव्हा आपणांसही कोणी पाने मांडून बसवलेच, तर प्रश्न तेवढे ऐकून घ्यावेत आणि अर्थ सांगण्यास आरंभ होताच उठावे. दक्षिणेचीही बचत होते.