सी-विंगचे चर्मकलावंत

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत रात्री साडेदहाला ठोकठोक सुरू झाली की नवे भाडेकरू विचारतात, "फर्निचरचं काम चाललंय का?" जुने रहिवासी सांगतात, "नाही, पाकीट चाललंय."

पाकीट करणारे गृहस्थ सी-विंगच्या सातव्या मजल्यावर राहतात. दिवसा एका कंपनीत क्लाउडचं काहीतरी करतात. नेमकं काय, ते त्यांच्या आईलाही सांगता येत नाही, आणि माझा कयास असा की सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. वीस वर्षं नोकरी करून हातात धरून दाखवता येईल अशी एक वस्तू आपण केली नाही, हे शल्य माणसाला चाळिशीत टोचू लागतं. लॉकडाउनमध्ये त्यांनी घरी पाव भाजून पाहिला, मग सायकल घेतली, मग बोन्साय. पाव फुगला नाही, सायकलवर आता टॉवेल वाळतात आणि बोन्सायचं बघता बघता चांगलं पाच फुटी झाड झालं. मग घरात चामडं आलं.

खरं तर चामडं नंतर आलं, आधी हत्यारं आली. हा अशा हौशी माणसांचा धर्मच आहे. चार-चार मिलिमीटरवर भोकं पाडणारे जपानी पंच, कडा गोल करायचं हत्यार, त्या कडा घासून चकाकवायचा लाकडी दांडा, दोऱ्याला लावायचं मधमाश्यांचं मेण, शिवताना चामडं घट्ट धरून ठेवणारा मांडीत घ्यायचा लाकडी शिकंजा. एकेक खोकं आलं की वहिनी किंमत विचारत आणि ते "ही एकदाच करायची गुंतवणूक आहे" म्हणत. ही एकदाच करायची गुंतवणूक ते अजून करताहेत. ठोकण्यासाठी खाली घ्यायला दगड लागतो. तो मात्र नव्या ओट्यात सिंक बसवताना कापून निघालेला ग्रॅनाइटचा तुकडा आहे. एवढ्या पसाऱ्यात फुकट मिळालेली आणि रोज उपयोगी पडणारी वस्तू तेवढीच.

चामड्याच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक आहे. बाजारातल्या बहुतेक पर्सा आणि बूट क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या चामड्याचे असतात. ते काम झटपट उरकतं, म्हणून कारखानदारांना परवडतं. यांना ते चालत नाही. यांना हवं झाडांच्या सालीत, हिरड्यात आठवडेच्या आठवडे मुरलेलं. त्यावर ठसा नीट उमटतो, कडेला झिलई येते आणि वापरून वापरून रंग गडद होत जातो. या गडद होण्यावर ते अर्धा तास बोलू शकतात. लिफ्टमध्ये सापडलात तर सातवा मजला येईपर्यंत सुटका नाही, आणि पाचव्याला उतरायचं असलं तरी नाही.

असं चामडं आणायला ते धारावीला गेले. सायन-बांद्रा लिंक रोडच्या एका दुकानात जाऊन ऐटीत म्हणाले, "दोन चौरस फूट द्या." चामडं मोजतात चौरस फुटावर हे खरं, पण विकतात अख्खं. दुकानदाराने यांच्याकडे दयेने पाहिलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत अख्खी गुंडाळी पुढ्यात टाकली. ती खांद्यावर टाकून ते लोकलने ठाण्याला आले. डब्यात बसायला जागा मिळाली, असं ते कौतुकाने सांगतात. वासामुळे मिळाली असावी.

घरात आजी होत्या. त्यांनी दारातच अडवलं. "हे देवघराच्या खोलीत नाही यायचं."

"आई, तबल्याला काय लावतात? पखवाजाला? देवळात चालतं की!"

"तबला वाजवायला शिकला असतास तर चाललं असतं."

शेवटी तह झाला आणि चामडं गॅलरीत सायकलवर गेलं. आजींचा आक्षेप वासाला नव्हता. त्यांच्या माहेरी विहिरीवर मोट होती, भिजलेल्या कातड्याचा वास त्यांनी लेकापेक्षा जास्त घेतलाय. आक्षेप कशाला होता ते त्यांनी कधी उघड सांगितलं नाही, आणि त्यांच्या लेकानेही विचारलं नाही.

रंगकाम हा वेगळाच अध्याय. स्पिरिटमधला रंग बाटलीत तांबूस दिसतो आणि चामड्यावर भलताच गडद उतरतो. हातमोजे घालायचे विसरलं तर बोटांवर तो चामड्यापेक्षाही पक्का बसतो. ए-विंगमधल्या सत्यनारायणाला हे तीर्थाला हात पुढे करून उभे राहिले, तेव्हा गुरुजींची पळी क्षणभर हवेतच थांबली होती. काळ्या रंगासाठी त्यांनी जुनी युक्ती शोधून काढली. व्हिनेगरमध्ये लोखंडी कीस आठवडाभर भिजत ठेवायचा. लोखंड त्यात उतरतं, आणि ते पाणी हिरड्याच्या चामड्यावर फिरवलं की आतल्या टॅनिनशी जमून चामडं डोळ्यांदेखत काळं पडतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, ती याच रसायनावर. युक्ती नामी, फक्त बाटलीवर चिठ्ठी नव्हती. वहिनींनी एका रविवारी त्यातले दोन चमचे मंचाव सूपमध्ये घातले. ते सूप मुळातच काळं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट मुलाने दुसऱ्यांदा मागितलं.

आता हातून काय झालं म्हणाल, तर कार्ड ठेवायची पाकिटं. या मार्गावरचे सगळेच तिथून सुरुवात करतात, कारण तीन तुकडे आणि दोन शिवणी एवढंच काम. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार. शिवणीच्या चौपट दोरा लागतो. सोसायटीत असं पाकीट नाही असं घर नाही. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळा व्यवहार फोनवर गेल्यावर पाकिटात ठेवायचं काय, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या पाकिटात मी त्यांचंच व्हिजिटिंग कार्ड ठेवलंय. त्यावर नावाखाली 'लेदर आर्टिझन' असं ठसठशीत छापलंय.

पाकिटानंतर पट्टा. पट्ट्याला भोकं विषम पाडतात, पाच किंवा सात, म्हणजे मधलं आपलं आणि दोन्हीकडे वाढत्या-घटत्या पोटाची सोय. हे त्यांना पाठ होतं. पण माप त्यांनी पँटच्या लेबलवरून घेतलं. पट्टा फार देखणा झालाय. सध्या तो मुलाच्या कमरेला आहे.

२०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आमच्या सोसायटीत सर्वांत संतापलेला माणूस हाच. कोल्हापुरीला जीआय आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातले आठ जिल्हे त्यात येतात, खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवतात, सगळं आम्हाला पार्किंगमध्ये ऐकवलं. पायात परदेशी स्पोर्ट्स शूज होते. त्याच संतापात ते कोल्हापूरला गेले, चप्पल लाइनीत कापशीचा जोड निवडला आणि दोनशे रुपये कमी करा म्हणून अर्धा तास हुज्जत घातली.

गेटबाहेर गुलमोहराखाली मामा बसतात. चपला शिवणं त्यांच्याकडे वडिलांपासून. कलावंत अधूनमधून तिथे स्टूल घेऊन बसतात. एकदा त्यांनी आपलं जपानी हत्यार दाखवायला नेलं. मामांनी बोटाने धार पाहिली, "रापी बरी आहे" म्हणाले, दगडावर दोन हात मारून आणखी धारदार करून दिली. मग कलावंतांनी दोन सुयांची शिवण समजावली. एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही म्हणाले. मामा म्हणाले, "मग गिऱ्हाईक परत कसं यायचं?"

मामांचा मुलगा बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा देतोय. कलावंत कळवळून म्हणाले, "पण मामा, ही कला पुढे कोण नेणार?"

"तुमचा हाय की पोरगा," मामा म्हणाले. "पाठवा सकाळी."

कलावंतांचा पोरगा जेईईच्या क्लासला जातो. विषय तिथेच थांबला.

खरी पंचाईत गणपतीत झाली. आरतीला निघालेल्या बी-विंगच्या काकूंच्या सँडलचा अंगठा तुटला. त्या थेट सातव्या मजल्यावर. "तुम्ही चामड्याचं करता ना? जरा एवढं शिवून द्या." आपण कलाकृती करतो, दुरुस्ती करत नाही, हे काकूंना सांगणं कोणालाच शक्य नाही. यांनी सँडल शिकंज्यात धरली, जपानी पंच मारला, आणि अंगठ्यासोबत पट्टाही सुटून हातात आला. मग पिशवीत घालून मागच्या जिन्याने मामांकडे.

मामांनी चहाचा पेला खाली ठेवला, आरी घातली, दोरा ओढला, दोन ठोके दिले. पेला परत उचलला तेव्हा चहा गरमच होता.

"किती झाले, मामा?"

"गिऱ्हाइकाला वीस," मामा हसून म्हणाले. "तुम्ही आपल्या लाइनीतले. दहा द्या."

या मान्यतेसाठी माणसाने दोन वर्षं बोटं टोचून घेतली होती. त्यांनी गेटकडे पाहिलं. काकू, सेक्रेटरी आणि आरतीची सगळी मंडळी तिथेच उभी होती. फोन काढून त्यांनी पूर्ण वीस रुपये भरले.