साभार परत, तेही नाही

कादंबरी लिहायला दोन वर्षं लागली. नकार मिळायला तीन लागली, आणि तोही लेखी नाही. पूर्वी म्हणे पाकिटात पुरेशी तिकिटं घातली की हस्तलिखित 'साभार परत' यायचं. आता साभारही नाही आणि परतही नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात दहावीच्या गाइडांचे ढीग ओलांडून एका प्रकाशकांकडे गेलो. (नाव कशाला? अजून आशा आहे.) "कादंबरी? चालत नाही हो. अनुवाद आहे का? आत्मचरित्र? कलेक्टर वगैरे होतात का तुम्ही?"

"नाही, बँकेत होतो."

"मग गुंतवणुकीवर लिहा की!"

शेवटी तोडगा निघाला. कागद-छपाईचा खर्च माझा, विक्री माझी, गठ्ठे ठेवायला माळाही माझाच. त्यांचं फक्त नाव.

'कोसला' 1963 साली पुण्यातल्याच देशमुख आणि कंपनीनं काढली, तेव्हा तिचे लेखक नेमाडे पंचविशीत होते. मी अठ्ठावन्नचा, म्हणून अजून 'नवलेखक'.

दिवाळी अंकाकडेही वळलो. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची परंपरा. एका संपादकांनी कथा ठेवून घेतली आणि विचारलं, "एखादी पानभर जाहिरात मिळेल का हो, तुमच्या बँकेची?"

कथेची माझ्याकडची प्रत कोणी वाचली असेल, तर ती फक्त रद्दीवाल्यानं. पहिलं पान न्याहाळत म्हणाला, "हातानं लिहिलंय ना? मग वहीचा भाव."