विम्याचा खोटा कागद विकणाऱ्या 'दादा'स खुले पत्र

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये बसून पोरांना मोटारीचा विमा विकणाऱ्या माणसा,

तुला नमस्कार लिहिणार नाही. तुझं खरं नाव मला माहीत नाही. मुलं तुला 'दादा' म्हणतात आणि तू त्यांना 'मीपण आपल्या नगरचाच' असं सांगतोस. सरकारदरबारी २०२४ साली जिल्हा अहिल्यानगर झाला, पण परमुलखात कुणी 'नगरचा' भेटला की आपल्याकडचं पोर आजही विरघळतं. तू तीच ओळख विकायला काढलीस.

माझ्या भाच्याला तू विकलेली पॉलिसी खोटी निघाली. रात्री कामावरून परत येताना पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. त्याने मोबाइलवर तुझा कागद उघडून दाखवला. पोलिसाने तो धड पाहिलासुद्धा नाही. नंबरप्लेट कॅमेऱ्याने आधीच वाचली होती आणि त्या देशातल्या गाड्यांच्या विम्याची नोंद ज्या मोटार इन्शुरन्स डेटाबेसमध्ये असते, तिथे या गाडीचा विमाच नव्हता. गाडी जागेवर जप्त झाली. ३०० पौंड दंड आणि ६ पेनल्टी पॉइंट. इंग्लंडचं लायसन्स हातात यायच्या आधीच नावापुढे हा डाग लागला. पुढची कित्येक वर्षं कुठल्याही विमा कंपनीत गेला की त्याला हे सांगावं लागणार, आणि दरवेळी हप्ता चढलेला असणार.

गिऱ्हाईक मात्र तू बरोबर हेरतोस. तिकडे शिकायला गेलेल्या या मुलांना शिकत असताना आठवड्याला २० तास काम करायची परवानगी. काम गावाबाहेरच्या गोदामात, पाळी संपते मध्यरात्रीनंतर, त्या वेळी बस नाही. म्हणून चौघांनी पैसे जमवून एक जुनी छोटी गाडी घेतली. भाच्याने सगळं नियमाने केलं. लॉगबुक, म्हणजे गाडीची नोंदणी, नावावर केलं, एमओटी, म्हणजे तिथली वार्षिक वाहन-तपासणी, झाली आहे का ते पाहून घेतलं. तिथे आधीच्या मालकाने भरलेला टॅक्स नव्या मालकाला लागू होत नाही, म्हणून तोही स्वतः भरला. अडलं ते विम्यापाशी. वय तेवीस, देशात नवा, लायसन्स श्रीरामपूर आरटीओचं, एमएच १७ चं. संगमनेरच्या घाटातून त्याने वर्षानुवर्षं पिकअप सांभाळून चालवली, पण तिथल्या कंपनीच्या हिशेबात त्याचं मोल शून्य. वर्षाचा विमा गाडीच्या किमतीच्या वर गेला.

नेमका त्याच वेळी मुलांच्या ग्रुपवर तुझा मेसेज आला. निम्म्या पैशात पक्का विमा, तासाभरात पॉलिसी. पैसे कंपनीच्या खात्यावर न घेता एका माणसाच्या खात्यावर घेतलेस. दुसऱ्या दिवशी नामांकित कंपनीचं चिन्ह असलेली पीडीएफ पाठवलीस आणि खाली लिहिलंस, 'काही लागलं तर हक्काने सांग.' पोलिसांनी पकडल्यावर त्याने हक्कानेच फोन केला. तू नंबर ब्लॉक केलास.

तुझ्या या धंद्याला तिकडे घोस्ट ब्रोकिंग म्हणतात आणि त्यासाठी माणसं तुरुंगात गेलेली आहेत. त्याच्या तिन्ही तऱ्हा आता मला कळल्या आहेत. एकीत कागदच बनावट असतो. दुसरीत पॉलिसी खरी काढतात, पण वय, पत्ता, धंदा सगळं खोटं लिहून हप्ता पाडतात आणि मुलाला बदललेली पीडीएफ देतात. अपघात झाला की कंपनी हात वर करते. तिसरीत खरी पॉलिसी काढून मुलाला दाखवतात, मग पहिल्या १४ दिवसांत रद्द करून परतावा खिशात घालतात. मुलगा वर्षभर निर्धास्त गाडी चालवतो. तिन्हींत नुकसान एकाचंच, ज्याने विश्वास ठेवला त्याचं. कारण 'मला फसवलं' हे तिथल्या कायद्यात उत्तर धरत नाहीत. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आली की गुन्हा झाला. तिथला रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ चा, आपला मोटार वाहन कायदाही १९८८ चाच. दोन्हीकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुला हे ठाऊक नाही, असं मी मानणार नाही.

लायसन्सबद्दलही तू मुलांना धडधडीत खोटं सांगितलंस. 'इंडियन लायसन्सवर कितीही दिवस चालतं, नगरच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट मागवलं की झालं.' झालं नाही. ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. परमिटाने ती मुदत वाढत नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांची लायसन्स तिथे बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. म्हणजे आपल्या पोराने प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स काढायचं, थिअरीत ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर सोडवायचे, मग रस्त्यावरची परीक्षा द्यायची. तिची तारीख मिळायलाच कित्येक महिने लागतात. म्हणून मुलाने उतरल्यापासून तयारीला लागलं पाहिजे. तू त्यांना वर्षभर गाफील ठेवलंस. वर्ष उलटल्यावर ती मुलं विम्याविना होतीच, वर लायसन्साविनाही झाली.

पैशांचं मी समजू शकतो. म्हणजे माफ करतो असं नाही. बहिणीने जमिनीच्या उताऱ्यावर शिक्षणकर्ज काढलंय, पतसंस्थेचा हप्ता दुधाच्या पगारातून जातो, आणि तू नेलेली रक्कम त्या घराच्या काही महिन्यांच्या दुधाएवढी आहे. तरी पैसे पुन्हा उभे राहतील. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

विमा गाडीवाल्यासाठी नसतो. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्याने चाललेला तो माणूस, ज्याला गाडीवाला ओळखतसुद्धा नाही. नाशिक-पुणे रस्त्यावर कर्ता माणूस गेलेली घरं आमच्या तालुक्यात आहेत. त्यातल्या काही घरांतली मुलं मोटार अपघात न्यायाधिकरणाने देवविलेल्या भरपाईवर शिकली. काही घरांना गाडी बिनविम्याची निघाली म्हणून हुकूम मिळाला आणि पैसा मिळाला नाही, कारण मालकाकडे काही नव्हतंच. तू नगरचा असशील, तर असं एखादं घर तूही पाहिलेलं असणार.

ब्रिटनने यासाठी १९४६ मध्ये मोटार इन्शुरर्स ब्युरो उभा केला. बिनविम्याच्या गाडीने कुणाला उडवलं तर जखमीला भरपाई ब्युरो देतो आणि मग ती गाडीवाल्याकडून वसूल करायला निघतो. त्या रात्री पोलिसांऐवजी कुणी सायकलवाला आडवा आला असता, तर? एका माणसाचं आयुष्यभराचं अपंगत्व तेवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बसलं असतं, आणि वसुलीने त्याच्या आईबापाची झोप नेली असती. एवढा धोका तू निम्म्या हप्त्यात विकलास.

आपल्याकडे विम्याचा कागद नाक्यावरच्या पोलिसाला दाखवण्यापुरता आहे, असं मानणारे भरपूर आहेत. बिनविम्याची गाडी पहिल्यांदा सापडली तर दंड २,००० रुपये, तो भरला की गाडी पुढे. तू तीच समजूत विमानातून सोबत नेलीस आणि आमच्या पोरांच्या गळ्यात बांधलीस. ती पोरंही याच समजुतीत वाढली होती, म्हणून त्यांना तुझा कागद पुरेसा वाटला. ही गोष्ट आम्हा घरच्यांनाही लागते.

तुझे सगळे मेसेज, पैसे गेलेल्या खात्याचा तपशील आणि ती पीडीएफ भाच्याने पोलिसांकडे दिली आहे. विम्यातल्या फसवणुकीसाठी सिटी ऑफ लंडन पोलिसांचं २०१२ पासून वेगळं पथक आहे. संगमनेर, लोणी, कोपरगावच्या कॉलेजांतून यंदा बाहेर जाणाऱ्या जितक्या मुलांपर्यंत पोचता येईल, तितक्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो आहोत: विमा विकणाऱ्याचं नाव फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या तिथल्या नियामकाच्या नोंदवहीत शोधा, आणि आपल्या गाडीचा नंबर मोटार इन्शुरन्स डेटाबेसवर टाकून पाहा. स्वतःची गाडी तिथे फुकट तपासता येते.

पैसे परत करायचे तर कर, पण ते नंतर. तुझा कागद मोबाइलमध्ये ठेवून आजही किती मुलं गाडी चालवताहेत, याची यादी तुझ्याकडेच आहे. ज्या ग्रुपवर विमा विकलास, त्याच ग्रुपवर आज संध्याकाळी, रात्रपाळी सुरू व्हायच्या आत लिही, की पॉलिसी खोटी आहे, गाडी बाहेर काढू नका.

संगमनेर तालुक्यातून,
त्या मुलाचा मामा