पन्नास हजारांची वाटणी

कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हणजे ५०,००० रुपयांची सात भावांत वाटणी करायची. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. आठवा भाऊ ग्राफिक्स कार्ड. खरं तर हा सावत्र, पण हक्क सांगताना आवाज सगळ्यात चढा त्याचाच, आणि त्याचं वकीलपत्र आमच्या भाच्याने घेतलेलं.

"मामा, प्रोसेसर एफवाला घे, स्वस्त पडतो. उरलेले सगळे पैसे कार्डात टाक."

एफवाला स्वस्त पडतो, कारण त्याच्या पोटात ग्राफिक्सच नसतं. कार्ड लावलं नाही तर पडद्यावर अमावास्या. "अरे, तुझ्या मामीला कावळे काढायचेत, झोंबी मारायचे नाहीत," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अकरावीत असताना माझ्या मामाकडे टाकायची हिंमत मला झाली नसती.

बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तेही क्रिटा नावाच्या सॉफ्टवेअरवर, जे फुकट आहे; या प्रकरणात घरात एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर. आता हिशेब बघा. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला धरलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण भरलेला एक लेयर झाला ३५ एमबीचा. आणि आमच्या घरचा कावळा पिसागणिक वेगळा लेयर मागतो. जुन्या लॅपटॉपवर चोच पूर्ण होऊन शेपटीकडे वळेपर्यंत ४ जीबी रॅम मान टाकायची, आणि फाइल सेव्ह होईस्तोवर कुकर होऊन वरण फोडणीला पडायचं.

तेव्हा मोठा वाटा रॅमला, असं ठरलं. पण ठरवायला मुहूर्त कोणता निघाला? २०२५ची अखेर. जगभरच्या एआय कंपन्या डेटा सेंटरांसाठी मेमरी उचलत सुटल्या आणि रॅमचे भाव चढले. जे एआय एका वाक्यात कावळा काढून देतं, त्याच्यापायी हाताने कावळा काढणारीची रॅम महागली. यावर बायकोने जे मत दिलं ते कौटुंबिक अंकात छापता येणार नाही.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर वीस वर्षं तिथे बसलेला दुकानदारही तुम्हालाच पत्ता विचारेल. काउंटरवरच्या पोराने पॅडवर कोटेशन खरडलं आणि कागद फाडता फाडता बजावलं, "रेट आज का है हां." मग हळूच, "बिल चाहिए?" जणू बिल मागणं हा माझा एखादा आजार. मागितलं. तीन वर्षांची वॉरंटी त्याच्या स्मितहास्यावर सोडायची माझी तयारी नव्हती.

प्रोसेसर घेतला रायझन ५६००जी. २०२१चा, म्हणजे भाच्याच्या लेखी पेन्शनीत निघालेला. पण ६ कोअर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहे. ते ग्राफिक्स रॅममधूनच उसनं घेऊन जगतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८च्या दोन घेतल्या, की मेमरीची ये-जा दोन वाटांनी होते. बोर्ड मात्र चार स्लॉटचा. एआयचा ज्वर उतरला तर उरलेले दोन भरू.

मॉनिटरवर मी हात सैल सोडला, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. स्वस्त लॅपटॉपचा पडदा रंग चोरतो. मागे एका पुस्तकातल्या आजीचे गाल बायकोला फिके दिसत होते, म्हणून ती गुलाबी वाढवत गेली. पुस्तक छापून आलं तेव्हा आजी थेट ब्युटी पार्लरमधून नातवाच्या गोष्टीत आली होती. आता आयपीएस पॅनेल, एसआरजीबी ९९ टक्के. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो. ठळक अक्षरात असतं ते गेमिंग.

सगळ्यात गरीब भाऊ एसएमपीएस. सगळ्यांना वीज वाटतो आणि वाटणीच्या वेळी त्याला कुणी विचारत नाही. "कॅबिनेट के साथ फ्री है," म्हणत पोराने एक पुढे सरकवला. वर स्टिकर ४५० वॅटचा, वजन रिकाम्या डब्याचं. तो परत सारला आणि ८० प्लसची खूण असलेला वेगळा घेतला. इथे बजेट हजारभराने फुटलं.

ती भरपाई कॅबिनेटमधून झाली. काच आणि सप्तरंगी दिव्यांचे तीन पंखे सोडून काळी, जाळीची, बिनदिव्याची पेटी उचलली.

रविवारी भाचा आला. मामी टेबलाशी, पडद्यावर कावळा, पंखांचे चौसष्ट लेयर उघडलेले. तो वाकून टेबलाखालच्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिला.

"मामा, हा चालू कधी करणार?"